बाबांच्या गळाला कोणता दोरा

भावजयीने बाबांच्या रिळावर पिवळाजर्द दोरा गुंडाळला, हे मला आधी फोटोत दिसलं. धाकट्या भावाने घरच्या ग्रुपवर टाकला होता. गावातल्या तलावाच्या पाळीवर बाबा खुर्ची टाकून बसलेले, हातात गळाची काठी, आणि काठीच्या टोकातून पाण्यात गेलेला दोरा असा पिवळा, की जणू नुकताच हळदीत बुडवून काढलाय. खाली भावाने लिहिलं होतं, 'सूनबाईंचं नवीन सेटिंग.' मी फोन पालथा ठेवला. त्या दिवशी आमच्याकडे वांग्याची भाजी करपली आणि नवऱ्याने मुकाट्याने खाल्ली.

दोरा हा माझा प्रांत होता. बाबा शाळेतून निवृत्त होईपर्यंत बांबूच्या काडीला तंगूस बांधून गांडुळावर मासे धरायचे. रिळाची काठी आणि बदलून लावायला तीन रिळं त्यांना मी घेऊन दिली. त्यासोबत रबरी बेडूक, प्लास्टिकच्या मासोळ्या, रबरी किडे अशी खोटी आमिषं आली, आणि त्यातल्या कशाला कोणता दोरा चालतो हे बाबांना कळेना. मग मी फुलचूरला, माझ्या सासरी, दुपारची भांडी आवरली की फोनवर हिंदी व्हिडिओ बघत बसायची. सासूबाईंना वाटायचं मी रेसिपी बघते.

शिकले ते असं. रबरी बेडूक कमळाच्या पानांवरून उड्या मारत ओढायचा असतो, त्याला विणीचा, म्हणजे बारीक धागे विणून केलेला दोरा. तो तरंगतो, ताणला जात नाही, आणि मरळ मासोळी बेडूक तोंडात धरून शेवाळात घुसली तर शेवाळ कापत बाहेर येतो. बुडी मारणाऱ्या प्लास्टिकच्या मासोळीला मात्र साधं तंगूसच बरं. तंगूस थोडं ताणलं जातं, त्यामुळे मरळीने हिसका दिला तरी गळ तिच्या जबड्यातून फाटून निघत नाही. आणि तुडुमाजवळ, म्हणजे शेताला पाणी सोडायची मोरी असते तिथे, पाणी नितळ असतं. तिथे रबरी किडा तळाला सोडायचा तर फ्लोरोकार्बनच पाहिजे. तो पाण्यात बुडतो आणि माशाला दिसत नाही.

बाबा पाळीवर बसून फोन करायचे, "काय वो मास्तरीन, आज किडा लावून राहिलो, कोन्ता दोरा?" मी भाकरी थापता थापता सांगायची. कधी भेटीला गेले की तिन्ही रिळांवर दोरा भरून, गाठी मारून ठेवायची. आमच्या घरी बाबांनीच पाडलेला रिवाज होता, की गाठ ज्याने मारली, मरळीचं डोकं त्याच्या ताटात. आई होती तोवर ते डोकं माझ्यासाठी रश्श्यातून वेगळं काढलेलं असायचं. भाऊ कुरकुर करायचा, त्याला मी शेपटी दाखवायची.

मग भावाचं लग्न झालं. भावजय गोरेगावकडची, कमी बोलणारी, हसरी. लोक तिची स्तुती करायचे आणि मी मान हलवायची, कारण स्तुती खरी होती. त्यानेच जास्त पोटात दुखायचं. वाईट सून असती तर मला केवढं सुख लागलं असतं! बाबांचे दोऱ्यासाठीचे फोन आधी कमी झाले, मग बंदच झाले. मी एकदा आपणहून विचारलं तर म्हणाले, "ते पाहते ना सूनबाई, तू कायले तरास घेते?" मी कधी त्रास म्हटलं होतं? आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो, ते मी फोन कानाला धरून ऐकत होते.

म्हणून यंदा धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपल्यावर दोन दिवसांसाठी माहेरी गेले, ती पिशवीत फ्लोरोकार्बनची नवी गुंडी घेऊनच.

पहिल्याच संध्याकाळी जेवायला बसलो. भावजयीने माझ्या ताटात मधले मांसल तुकडे वाढले, आणखी घ्या, आणखी घ्या केलं. मरळीचं डोकं तिच्या ताटात होतं. तिने ते माझ्याकडे सरकवलं तर बाबाच म्हणाले, "नाई नाई, गाठ तिची होती." रिवाजाला धरूनच बोलले ते. मी म्हटलं मला काटे नको आहेत, आणि पाणी पिऊन उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिळं बघितली तर माझा तिळपापड झाला. तिन्हींवर तोच पिवळा दोरा. बेडकाला पिवळा, बुडीच्या मासोळीला पिवळा, नितळ पाण्यातल्या किड्यालाही पिवळा!

"अगं, मासोळ्या काय आंधळ्या आहेत?" मी भावजयीला म्हटलं. "तुडुमाजवळ हा दोरा त्यांना गावाच्या वेशीवरून दिसेल."

"मिळतात पण, ताई," ती चूल फुंकत म्हणाली.

"नशिबाने मिळतात. नियम म्हणून काही असतं की नाही?"

ती काही तरी बोलणार होती. तिने बाबांच्या खोलीकडे बघितलं आणि पुन्हा चुलीकडे वळली. मला वाटलं हरली. मी किड्याच्या रिळावरचा सगळा पिवळा दोरा उतरवला, माझा फ्लोरोकार्बन भरला, गाठ थुंकीने ओली करून आवळली आणि बाबांना म्हटलं, चला.

पाळीवर ऊन कोवळं होतं. तलावाचा ठेका मासेमार सोसायटीचा आहे, पण आमच्या पूर्वजांनी तो तलाव बांधला म्हणून बाबांच्या एका गळाला कुणी आडकाठी करत नाही. मी बाबांचं बोट धरून त्यांना तुडुमाजवळ बसवलं, म्हणजे मला तरी वाटलं की मी लाडाने धरलं. त्यांनी गळ टाकला, झकास टाकला. किडा तळाला गेला. असा किडा माशाने धरला तर हाताला लगेच कळत नाही. दोरा बघत राहायचं. तो थरथरला किंवा आडवा सरकायला लागला की काठी उचलायची.

दोरा थरथरला. बाबा बसून राहिले. मग तो पाण्यावरून हळूहळू डावीकडे सरकू लागला, पाण्याबाहेरचा मला स्वच्छ दिसत होता. बाबा समोर बघत होते आणि मला शाळेतल्या एका जुन्या शिपायाची गंमत सांगत होते.

"बाबा, उचला!"

त्यांनी दचकून काठी उचलली. दोरा सैल आला. पुन्हा टाकला, पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा मी चिडलेच. "लक्ष कुठे आहे तुमचं? सूनबाईनं बांधलेला दोरा असता तर बरोबर दिसला असता!"

"दिसते ना मले," बाबा म्हणाले. "काऊन नाई दिसन?"

किडा फाटला होता. नवा लावायला दोरा जवळ ओढावा म्हणून त्यांनी हात पुढे केला. दोरा त्यांच्या नाकासमोर लोंबत होता. त्यांनी त्याच्या वीतभर अलीकडे चिमूट मिटली. मग थोडी पलीकडे. मग बोटं काठीच्या टोकाला लावून तिथून चाचपडत खाली आणली.

मागून भावजय आली. चहा घेऊन आली होती की घरातून आमच्यावर नजर ठेवून होती, कोण जाणे. तिने बाबांच्या हातात कप दिला आणि म्हणाली, "बाबा, तुमी चहा घ्या, मी बांधून देतो." तिने दोरा धरला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती मी कधी त्यांच्यासाठी आणू शकले नव्हते.

घरी आल्यावर मी तिला गोठ्यामागे गाठलं. खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं. साखरेच्या आजाराने बाबांच्या डोळ्यांचे पडदे खराब झालेत. एकाने जवळजवळ दिसत नाही, दुसऱ्याने पुसट दिसतं. डॉक्टर इंजेक्शन देतात, त्यासाठी तीच त्यांना गोंदियाला नेते. पिवळा दोरा तेवढा त्यांना दिसतो, हे दुकानात निरनिराळे दोरे त्यांच्यासमोर धरून तिनेच शोधलं होतं. मासे आधीपेक्षा कमी लागतात, तिला ते ठाऊक होतं. पण मासा लागला की दोरा हललेला बाबांना दिसतो.

गोंदियाला जायचं म्हणजे फुलचूरवरून जायचं. माझ्या दारावरून ते दोघं जात होते आणि मी आत बसून दोऱ्यांचे व्हिडिओ बघत होते.

"मला काऊन नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडले. "मी त्यांची पोरगी आहे ना? तू कालची आलेली!"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मी म्हनलं होतं ताई, सांगू म्हनून. बाबा म्हने, तिले नोको सांगू. दोन दिवस येते पोरगी. हासून खेळून जाऊ दे तिले."

मी गोठ्याच्या कुडाला धरून उभी राहिले. बापाचे डोळे जात होते, त्याबद्दल रडू यायला हवं होतं, आणि माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की हे तिला सांगितलं आणि मला नाही. मी इतकी जळले की लाज वाटायलाही उसंत नव्हती. दुखणं घरच्या माणसाला सांगतात. पाहुण्यांना बरं आहे म्हणतात.

तेवढ्यात अंगणातून बाबांची हाक आली, "कुठी गेल्या वो दोघी? शिपायाची गंमत अर्धीच रायली."

मी डोळे पुसून अंगणात गेले. बाबांनी ती गंमत पुन्हा पहिल्यापासून सांगितली आणि शेवटी माझ्या दिशेला तोंड करून थांबले. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, हे आता मला माहीत होतं. म्हणून मी मोठ्याने हसले, शेजारच्या घरी ऐकू जाईल इतकं. ते समाधानाने मागे टेकले.

भावजय ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. ती हसली नाही. तिने हसलंच पाहिजे असं बाबांना वाटत नव्हतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. मरळीच्या डोक्यासाठीही केला नसेल एवढा मी तिचा त्या क्षणी हेवा केला.