जरीबकाकांनी आखलेली बस्ती

इकडे ये पोरी, अशी जवळ. कागदावरूनच बोलावते आहे, कारण समोर तू सापडतेस कुठे? परवा सौसरला लग्नाला आलीस म्हणे. जेवलीस, फोटो काढलेस, आणि छिंदवाड्याच्या मोटारीत बसून आमच्या बस्तीवरूनच पुढे निघून गेलीस. पाच मिनिटं उतरली असतीस तर काय पाय झिजले असते? आणि वर मायच्या हाती विचारणा पाठवतेस, "माझ्या आज्याला त्या बस्तीत घर का नव्हतं? त्यांना काढलं होतं का?" काढलं नव्हतं, बाई. पण याचं उत्तर एका ओळीचं नाही, म्हणून लिहायला बसले. मी शाळेत गेलेली नाही, बोलते तसं लिहिते. चुकलं तर पोटात घाल.

तुझा आजा चालताना पावलं मोजायचा. रस्त्यात कोणी "जयभीम काका" म्हटलं, तर आधी हात वर करून त्याला थांबवायचा, ओठातल्या ओठात आकडा पुरा करायचा, आणि मग म्हणायचा, "जयभीम. दोनशे बारा." नव्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण ज्याचं आयुष्य पटवाऱ्यांच्या मागे जरीब ओढण्यात गेलं, तो दुसरं काय करणार? जरीब म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी, शंभर कड्यांची. तू पाहिली नसशील, आता फीते आले. नोकरी संपली तेव्हा कचेरीनं नवी जरीब घेतली आणि जुनी टाकून दिली, ती काकांनी मागून आणली. तेव्हापासून ते सगळ्यांचे जरीबकाका झाले. कोणी काही ठासून सांगू लागलं की ते विचारायचे, "मोजलं काय?"

आमची जुनी बस्ती रामाकोन्याजवळ, कन्हानच्या अगदी काठावर होती. एकवीस घरं. ऐंशी सालानंतरची गोष्ट, माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. एका श्रावणात असं वावधान सुटलं की छपरावरच्या टिना कागदासारख्या उडाल्या. एक टिन संत्र्याच्या बगीच्यात झाडावर जाऊन अडकली. वारा पडला म्हणून आम्ही श्वास घेतला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच घरात आली. माणसं वाचली. भिंती मात्र साखरेसारख्या विरघळल्या. त्यानंतरचं जवळजवळ वर्ष आम्ही सडकेच्या कडेला बांबूच्या ताटव्यांच्या झोपड्यांत काढलं. सरकारनं वरची, वस्तीसाठी राखलेली आबादी जमीन द्यायचं कबूल केलं, पण अट घातली: आखणी करा, जोते बांधा, मग साहेब येऊन मोजतील आणि ज्याच्या त्याच्या नावाचे पट्टे देतील. कोणाची हरकत निघाली तर सगळ्यांचे कागद थांबतील. म्हणजे पुढच्या पावसाळ्यात परत नदीच्या तोंडात. हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

आखणी कोण करणार, हा प्रश्नच नव्हता. पण जरीबेचं दुसरं टोक कोण धरणार? पुरुष सगळे कापसाच्या कामावर गेलेले. काका झोपड्यांपुढून हिंडत मोठ्यानं विचारत होते. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुढे झाले. माझी सासू कडाडली, "घरची सून साखळी ओढन काय? लोक काय म्हणतीन?"

काका म्हणाले, "आत्याबाई, लोक तं आताबी बोलूनच राहिले. बोलता बोलता कडी धरली असती तं मले पोरगी लागली नसती."

जरीबेवर दर दहा कड्यांमागे पितळेचा एक बिल्ला होता. एका दाताचा म्हणजे दहा, दोन दातांचा म्हणजे वीस. त्या दातांवर बोट ठेवून त्यांनी मला आकडे शिकवले. अक्षरं नंतर आली, पोरी, माझ्याकडे आधी आकडे आले.

काकांनी कागदावर नकाशा काढलाच नाही. "कागद साहेबाले समजते, आपल्याले पाय समजते," म्हणायचे. सगळ्या चुलींची राख गोळा करायला लावली आणि जमिनीवर राखेच्या रेघांनी खरी घरं आखली. भिंत, दार, चुलीची जागा. मग हुकूम सोडला की आजचा दिवस प्रत्येकानं आपापल्या घरात राहायचं. झालं! एकवीस कुटुंबं उघड्या माळावर आपापल्या रेघांत जाऊन बसली. माझी सासू पाण्याला निघाली ती सरळ रेघ ओलांडून. काका लांबून ओरडले, "आत्याबाई! भिंतीतून काय जाऊन राहिल्या? दार तिकडं हाय!" सासूबाई चक्क मागे फिरल्या आणि दारातून गेल्या. सगळी बस्ती हसली. पण त्याच दिवशी बायांनी सांगितलं की दारं अशी ठेवली तर वावधान थेट चुलीत शिरेल. संध्याकाळपर्यंत काकांनी सगळी राख पुसून दारं फिरवली. एका शब्दानं कुरकुरले नाहीत.

एका ओळीत दहा घरं, समोरच्या ओळीत अकरा, मध्ये दोन बैलबंड्या सहज जातील एवढा रस्ता. आणि ओळींच्या मधोमध एक जरीब लांबीची मोकळी जागा. ती मोकळी जागा पाहून माझ्या सासऱ्यांच्या पोटात दुखायला लागलं. "एवढी जागा कोणाची गा?"

"जे आजून जन्मले नाही त्याइची," काका म्हणाले. "आज एकवीस घरं, उद्या चाळीस होतीन. मंग विहीर कुठं, शाळा कुठं, विहार कुठं? तुह्या डोक्यावर?"

अकरावं, अगदी टोकाचं घर त्यांनी स्वतःला ठेवलं होतं. त्याच्यापुढे संत्र्याच्या बगीच्याचा बांध. फाल्गुनापासून जोते चढू लागले. नदीतला दगड डोक्यावर वाहून आणला आम्ही. वैशाख आला तेव्हा एकवीसही जोते कमरेपर्यंत उभे होते, आणि साहेब शुक्रवारी येणार असा निरोप आला.

सोमवारी बगीच्याचे पाटील बांधावर येऊन उभे राहिले. चांगला माणूस होता, पुरात त्यानं आम्हाला धान्य दिलं होतं. तो म्हणाला, "काका, तुमचा शेवटचा जोता माह्या हद्दीत येऊन राहिला. दोन-तीन हात. मी शुक्रवारी साहेबाले सांगीन. मंग म्हणू नका का सांगितलं नाही."

काकांनी विचारलं, "मोजलं काय?"

"मोजाले कायले पायजे? दिसते नं."

"दिसणं अन् मोजणं येगळं, पाटील. जरीब खोटं बोलत नाही."

पाटील निघून गेले. बस्ती पेटली. सासरे काठी आपटत म्हणाले, जमीन दिलेली खुपते यांना. दोन दिवस पाटलांच्या नावानं जे नाही ते बोललं गेलं, आणि पाटलांच्या वाड्यावर आमच्या नावानं. कोणी कोणाकडे कामाला जाईना. काकांचं मात्र पावलं मोजणंसुद्धा थांबलं होतं. बुधवारी सकाळी जरीब खांद्यावर घेऊन आमच्या झोपडीपुढे उभे राहिले. "सौसरले जाऊन येऊ. दुसरं टोक धराले कोणी पायजे."

तहसिलीच्या आवारात तेव्हा दोन दगड पुरलेले असायचे. त्यांच्यातलं अंतर म्हणजे बरोबर एक जरीब. पटवाऱ्यांनी दरसाल आपली साखळी त्यावर ताणून तपासायची, असा कायदा. वापरून वापरून कड्या झिजतात, सैल होतात आणि साखळी लांबते. हे काका जन्मभर दुसऱ्यांना सांगत आले होते. नोकरी सुटल्यापासून स्वतःची जरीब मात्र त्यांनी एकदाही तिथे नेली नव्हती.

मी एका दगडाशी जरीबेची मूठ टेकवून बसले. काकांनी दुसरं टोक ताणलं. मी इकडून पाहिलं. ते वाकले, आणि वाकलेलेच राहिले. "पुन्हा ताण," म्हणाले. पुन्हा ताणली. "अजून एकदा." तिसऱ्यांदा मी उठून तिकडे गेले. जरीबेची मूठ दगडाच्या पलीकडे पडली होती. काकांनी मध्ये पंजा ठेवला. बरोबर एक वीत.

हिशोब मलाही करता येत होता. ओळीच्या पहिल्या घरापासून बांधापर्यंत सहा जरीबा. सहा वीत. तीन हात.

परतीच्या मोटारीत मी मग हळूच म्हटलं, "काका, कोणी पाहिलं नाही. साहेबापाशी कोणती जरीब राहीन कोणाले मालूम? कदाचित तेबी अशीच राहीन." आज लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं मी असं. माझ्या पोटात तेव्हा चार महिन्यांचा जीव होता आणि मला छप्पर हवं होतं.

काका रागावले नाहीत. "मी पाहिलं नं," म्हणाले. "तूबी पाहिलं. दोघं झाले. साक्षीले अजून किती लागतेत?"

गुरुवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना मोकळ्या जागेत बोलावलं आणि सरळ सांगितलं, "पाटील खरे हाय. मी खोटा हाय." पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा माझे सासरे उसळून उठले. "तीस वर्सं लोकायच्या जमिनी मोजल्या तुनं! त्याबी अशाच काय गा, जरीबवाल्या?"

तो घाव खोल बसला. काकांचा चेहरा मी पाहिला आहे. तरी ते एवढंच बोलले, "तवा दरसाल तपासत होतो. आता नाही तपासली. माह्या चुकीचा जोता मी काढतो."

टोकाच्या घरातून तीन हात गेले तर उरलेली जागा पट्ट्याच्या मापात बसत नव्हती. लहान जागेला पट्टा नाही, असा नियम. म्हणजे घरच गेलं. सगळे एकदम बोलू लागले. कोणी म्हणालं, या मोकळ्या जागेत काकांचं घर बसवा, पाहिजे तर चार बसतील! सासरेही वरमून म्हणाले, "हो गा, बांध इथं. कोण नाही म्हणते?"

"मीच म्हणतो," काका म्हणाले. "आज मी बसलो तं उद्या तुह्या पोराले कोणत्या तोंडानं उठवू?"

तुझी आजी मात्र उठली. ती आपल्या जोत्यावर जाऊन बसली. दगड स्वतः वाहिले होते तिनं, हातांना घट्टे पडलेले. काका दगड उखडायला सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आले तेव्हा म्हणाली, "मोजणारा तू, अन् बाहेर राहणार मी?"

काका सब्बल टेकून उभे राहिले. शेवटी तीच उठली आणि पहिला दगड तिनंच ओढून काढला. काढून पायाशी टाकला, काकांच्या पायापासून चार बोटांवर. पुढचे आठ दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही, आणि मला विचारशील तर तिचं बरोबरच होतं.

शुक्रवारी साहेब आले, पोलादी फीता घेऊन. फीता सरकत सरकत बांधाकडे निघाला तेव्हा वीस घरांची माणसं मागे मागे चालली होती. पाटील बांधावर हात बांधून उभे. दहाव्या घराच्या पुढे उकरलेली माती होती, आणि बांधाच्या अलीकडे मोकळी पट्टी. साहेबांनी विचारलं, "कोणाची हरकत?" पाटलांनी काकांकडे पाहिलं, मग म्हणाले, "नाही साहेब. काही नाही." वीस नावं वाचली गेली, वीस अंगठे उठले. माझ्या सासऱ्यांचाही. काका त्या घोळक्यात सगळ्यांत मागे होते आणि अंगठा उठला की मान हलवत होते.

मृगाच्या आधी ते तुझ्या मायकडे मोहगावला गेले. बंडीत दोन पेट्या, एक जातं, आणि वर तुझी आजी पाठ फिरवून बसलेली. बंडी आम्हीच आणली होती, सामान आम्हीच चढवलं. "येत जाईन," काका म्हणाले. आले दोनदा. तिसऱ्यांदा निरोपच आला.

आता खरं सांगते, जे मी तुझ्या मायलाही कधी सांगितलं नाही. जरीब लांब होती म्हणजे आमची प्रत्येकाची जागा पाच-सहा बोटं जास्त आली होती. काकांचे तीन हात कुठे हवेत गेले नव्हते, ते आमच्या घरांखाली होते. सगळ्यांनी आपापले जोते मागे घेतले असते, तर टोकाचं घर बसलं असतं. मला हिशोब येत होता. गुरुवारी मी त्या गर्दीत उभी होते आणि मला तो हिशोब लख्ख दिसत होता. काकांनाही दिसत असणारच, पण ते मागणार नव्हते. बोलायला हवं होतं मी. मी पोटावर हात ठेवून गप्प राहिले.

पुढे मी पंच झाले. त्या मोकळ्या जागेत विहीर झाली, अंगणवाडी झाली, विहार झालं. कोणी तिथे गोठ्याचा खुंटा ठोकला की मी फीता घेऊन जाते आणि अजिबात ऐकत नाही. लोक मला खडूस म्हणतात. म्हणू दे.

त्यामुळे तुझ्या आज्याला बस्तीत घर नव्हतं असं कोणाला सांगू नकोस. वीस घरांत थोडं थोडं आहे, माझ्या ओसरीत पाच बोटं आहे. तुझ्या मायला घेऊन ये, आजीचा फोटो असेल तर तोही आण. दिवाळीची वाट पाहू नकोस, माझं वय झालं आहे. या महिन्यातच ये, आणि माझ्या ओसरीत पाहुणीसारखी अंग चोरून बसू नकोस.