पुढे पळणारा तबला

"बाबा, यू आर रशिंग अगेन," तबल्याच्या सरावाच्या व्हिडिओत ईशा म्हणत होती. तिच्या बाबांनी, देशपांडे काकांनी, तो मला दाखवला.

मी अमेरिकेतल्या नोव्हाय गावात हँड थेरपिस्ट आहे. आजारपणानंतर हात पुन्हा कामाला लावणं हा माझा व्यवसाय. काकांची केमो संपली होती, पण त्या औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ईशाचं पहिलं जाहीर गाणं होतं, साथीला काकांचा तबला. बाबांना जमलं नाही तर अ‍ॅपवरच्या तबल्याबरोबर गाईन, असं तिने सांगून टाकलं होतं. ते काकांना फार लागलं होतं.

जन्मभर गाड्यांची इंजिनं डिझाइन केलेला माणूस. त्यांनी महागडे हेडफोन आणले आणि लयीचे ठोके देणाऱ्या मेट्रोनोमचा आवाज कानठळ्या बसतील इतका वाढवला. हात तरीही पुढेच पळत होता.

"हिज ग्रिप इज फाइन. व्हाय इज ही स्टिल हिअर?" आमच्या सुपरव्हायझर लिंडाने विचारलं.

"गिव्ह मी टू मोअर व्हिजिट्स," मी म्हटलं.

काकांना डोळे मिटायला लावून मी नायलॉनचा बारीक तंतू त्यांच्या हाताला टेकवला. स्पर्श किती कळतो हे पाहायची ही आमची साधी टेस्ट. बोटांच्या टोकांना काहीच कळेना. तळव्याला लगेच कळलं. मग मेट्रोनोम लावून टेबलावर ठोके द्यायला सांगितलं. बोटाने दिला की ठोका आधीच पडायचा. तळव्याने दिला की बरोबर.

"काका, ताल नुसत्या कानाने धरता येत नाही. बोट टेकलं, ही बातमी मेंदूला पोचली की तो पुढचा ठोका जुळवून घेतो. तुमची बातमी पोचतच नाही, म्हणून हात घाई करतो."

"मग बोटं कधी सुधारणार?"

"महिने लागतील. कदाचित पूर्ण सुधारणारही नाहीत." हे सांगताना मला वाईट वाटलं. "पखवाज वाजवाल का? साधा भजनी ठेका, उघड्या तळव्याने?"

"अगं, मी तबल्याचा माणूस. या वयात भजनी मंडळात बसवतेस का मला?"

"मग ईशा अ‍ॅपबरोबर गाईल."

काका उठून निघून गेले. पुढच्या व्हिजिटला मात्र मंडळाचा पखवाज उचलून क्लिनिकमध्ये हजर. डाव्या बाजूला लावायची कणीक ते तिथेच सिंकपाशी मळायला लागले.

"इज दॅट डो?" लिंडाने विचारलं.

"थेरपी," मी म्हटलं. ते काही खोटं नव्हतं.

गणपतीत ईशा गायला बसली तेव्हा अ‍ॅप उघडलेला फोन तिच्या समोरच होता. दोन ओळी झाल्यावर तिने तो पालथा घातला. काकांना ते दिसलं नाही. ते डोळे मिटून पखवाज वाजवत होते.

सोमवारी मी काकांची डिस्चार्ज नोट लिहिली. 'तबला वाजवणे' या उद्दिष्टापुढे प्रामाणिकपणे 'नॉट मेट' लिहिलं. हल्ली वादक पेशंट आला की मी आधी विचारते, कुणाबरोबर वाजवायचंय? वाद्याचं नंतर बघते.