न काढलेला पोचा

ठोकमामाला एका कानाने ऐकू येत नाही. चाळीस वर्षं मोटारींचे पत्रे ठोकले, त्याची ती कमाई. पोचा बघायला तो डोळे वापरत नाही. तळहात फिरवतो आणि कोण कुणावर आदळलं ते सांगतो.

त्याची थोरली बहीण, आमची अक्का, कोपऱ्यावर हातगाडी लावून इस्त्री करते. एका सकाळी तिच्या उभ्या हातगाडीवर मोटार येऊन आदळली. अक्काचं कोपर सोलवटलं, हातगाडीच्या पत्र्याला ताटाएवढा पोचा आला. मोटारवाल्याने पालिकेच्या कचेरीत उलटंच कळवलं: हातगाडी घरंगळत रस्त्यात आली. झालं! परवाना रद्द का करू नये म्हणून नोटीस अक्काच्या हातात.

वस्तीचे अर्ज मी लिहितो, आणि त्यात कुणी चूक काढलेली मला खपत नाही. तडातडा लिहून वाचून दाखवलं, ‘मोटार आणि हातगाडी यांची टक्कर झाली...’

"टक्कर?" मामाने चांगला कान पुढे केला. "दोन बोकड समोरासमोर धावून येतात ती टक्कर. माझी अक्का उभी होती. मोटारीने धडक दिली, असं लिही."

"शब्दाने काय फरक पडतो?" मी भडकलो.

"टक्कर लिहिलीस, की निम्मा दोष तूच तिच्या पदरात टाकलास."

मी तो कागद फाडला, नवा लिहिला.

मामा पोचा मात्र काढेना. "साक्षीदार आहे तो," म्हणायचा. सुनावणीपर्यंत तीन आठवडे अक्काने त्याला फैलावर घेतलं.

"जगाचे पोचे काढतोस मेल्या, आणि बहिणीची हातगाडी वाकडी! गिऱ्हाइकं हसतात मला."

मामा बहिरा कान तिच्याकडे करायचा.

सुनावणीला आम्ही हातगाडीच ढकलत कचेरीच्या आवारात नेली. साहेब वैतागून खाली आले. मामाने सरळ त्यांचा हात धरून पोच्यावर ठेवला.

"हातगाडी चालती असती तर पत्रा ओरबाडला असता, साहेब. हा बघा, सरळ आत गेलाय. कुठं ओरखडा लागतोय हाताला?"

साहेबांनी बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. मग अर्ज परत वाचला, ‘धडक’ या शब्दावर थांबले आणि नोटिशीवर आडवी रेघ मारली.

मामाने तिथेच पिशवीतून हातोडी काढली. बाहेरून ठोकळा धरला आणि आतून असं हळू ठोकायला लागला, जसं काही तापातल्या लेकराला थोपटतोय.

"अरे, जोरात मार की," अक्का म्हणाली. "पत्रा आहे तो, मी नाही."

मामाने बहिरा कान तिच्याकडे केला आणि तसंच हळू ठोकत राहिला.