त्याच्या शेवटच्या खेळीची रिंग

तो क्रिकेटमधून निवृत्त होणार असल्याची बातमी आली तेव्हा मी शाळेच्या कार्यालयात दाखल्यांची फाइल लावत होते. फाइल बाजूला ठेवली आणि टेबलावरच्या कागदावर तीन कामं लिहिली. रजा. गाडी. दादाशी बोलणे. पहिली दोन माझ्या हातातली होती. तिसऱ्याखाली मी दोनदा रेघ मारली.

दादाला सांगायचं होतं ते एवढंच, की या वेळी त्याची बॅटिंग मी पाहणार आहे.

वीस वर्षांहून जास्त काळ मी ज्या खेळाडूवर जीव टाकला, त्याला खेळताना मी जवळपास पाहिलेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी क्षणचित्रं पाहायची मला मुभा होती, कारण झालेलं बदलत नाही. त्याचा प्रत्येक फटका मला पाठ होता. पण पुढे काय होणार हे माहीत नसताना, तो बाद झाला ते मोजके सोडले तर, त्याने खेळलेला एकही चेंडू मी पाहिला नव्हता.

याची सुरुवात अकोल्याच्या घरात झाली. त्याच्या पहिल्याच सामन्यात मी टीव्हीसमोर बसले आणि तो शून्यावर गेला. दुसऱ्या डावात आईने मला ज्वारी घेऊन चक्कीवर पाठवलं. पिठाचा डबा घेऊन मी परत आले तेव्हा तो सत्तरच्या पुढे होता. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि त्याचा त्रिफळा उडाला. बाबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, "तू बाहेरच राय वं. तू आली का तो जाते."

झालं. त्या दिवसापासून तो खेळायला आला की मी घराबाहेर. लग्न होऊन मी अमरावतीला आले तरी नियम सुटला नाही. उलट पक्का झाला. तेव्हा फोनला पैसे पडायचे, म्हणून बाबांनी मिस कॉलची पद्धत ठरवली. एक रिंग म्हणजे तो मैदानात आला, आता टीव्ही बंद. दोन म्हणजे पन्नास. तीन म्हणजे शतक. आणि फोन आपोआप थांबेपर्यंत वाजत राहिला तर आउट. पुढे फोन जवळपास फुकट झाले, हातात इंटरनेट आलं, पण आमच्या रिंगा तशाच राहिल्या. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या सामन्यात मी फोन समोर ठेवून बसले होते. आता कोण रिंग देणार हे मी कोणाला विचारलं नव्हतं. बरोबर वेळेला एक रिंग आली. नंबर दादाचा होता.

या सगळ्याची मी वही ठेवली आहे. रिंग किती, वाजले किती, आणि त्या वेळी मी कुठे होते, असे तीन रकाने. मी काही भोळीभाबडी नाही. मांजर आडवं गेलं तर त्याला रस्ता देते आणि पुढे चालू लागते. पण या बाबतीत माझ्याकडे पुरावा होता. इतक्या वर्षांत तीनदा मला राहवलं नाही, शेजाऱ्यांच्या खिडकीतून, दुकानातल्या टीव्हीवर मी डोकावले. तिन्ही वेळा तो गेला. वहीच्या मागच्या पानावर ते तीन दिवस मी लाल पेनाने लिहून ठेवले होते, आणि एकदा भावनेच्या भरात ते दादाला दाखवलेही होते.

त्यामुळे फोनवर तो काय म्हणणार हे मला माहीत होतं.

"या खेपेले मले पाहाचं आहे, दादा."

"काय पाहाचं आहे?"

"त्याची बॅटिंग. शेवटची मॅच आहे."

"म्हनूनच म्हनतो. इतकी वर्सं थांबली, अन् शेवटच्या मॅचले त्याले आउट करतं काय?"

"मी करते आउट?"

"मंग कोन करते? तुह्याच वहीत लिवलं आहे न, लाल पेनानं."

"मी अकोल्याले येऊन राहिली. तुह्या घरी."

"ये न. घर तुहंच आहे," दादा म्हणाला. "टीव्ही माहा आहे."

पहिल्या डावाला मला रजा मिळाली नाही. एक रिंग आली, आणि मुख्याध्यापकांच्या सह्या घेऊन मी जागेवर परतते तोवर फोन पुन्हा वाजायला लागला. मी आकडे मोजत उभी राहिले. दोन, तीन, चार. तो थांबला नाही. म्हणजे आता एकच डाव उरला.

चौथ्या दिवशी दुपारी त्याची पाळी येईल असा माझा अंदाज होता. सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडली. पिशवीत वही, चष्मा, पाण्याची बाटली आणि वलगावच्या भाजीवालीकडून घेतलेल्या दोन किलो तुरीच्या शेंगा. शेंगा यासाठी, की दादा बधला नाही तर बाहेर बसून सोलायला काहीतरी असावं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी उभी राहिली ती राहिलीच. समोरच्या बाकावर एका मोबाइलवर चार डोकी वाकली होती. आपल्या दोन विकेट पडल्या होत्या. अजून एक पडली की तो येणार. मी खिडकीबाहेर पाहू लागले. कपाशीच्या वाळलेल्या पराट्यांचं एक शेत, एक बैल, पुन्हा तेच शेत. गाडी हलेना.

"ताई, इकडं सरका, इथून चांगलं दिसते," मोबाइलवाला म्हणाला.

"नको."

"क्रिकेट नाही आवडत वाटते तुमाले."

 डोळे कुठेतरी गुंतवायचे म्हणून वही काढली आणि पहिल्यापासून चाळू लागले. पूर्ण रिंग, चार वाजून दहा, मी धुण्याच्या दगडावर. पूर्ण रिंग, अकरा पाच, कार्यालयात. पूर्ण रिंग, बसस्टँडवर. पूर्ण रिंग, दवाखान्याच्या रांगेत. पानामागून पान तो बाद होत होता आणि पानामागून पान मी कुठेतरी बाहेर होते. मागच्या पानावर लाल अक्षरांत तीन ओळी होत्या. पुढची अख्खी वही निळी होती, आणि ती मी कधी या नजरेने वाचलीच नव्हती. शाळेतली हजेरी सात वर्षं मी तपासते. एका मुलाच्या गैरहजेरीवरून अख्खा वर्ग कसा आहे ते ठरवायचं नसतं हे दुसऱ्यांना मी सांगते.

हे कळलं तरी समोरच्या मोबाइलकडे पाहायचा धीर झाला नाही.

गाडी हलली. अकोला स्टेशनच्या पुलावर असताना फोन एकदाच वाजला आणि बंद झाला. तो मैदानात आला होता. आता तो कधीही जाऊ शकत होता. रिक्षात मी फोन मुठीत धरून बसले. प्रत्येक खड्ड्याला वाटे, वाजला.

"काकू, दवाखान्यात जाचं आहे काय?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

"नाही. पण तसंच समजा अन् चालवा."

दार वहिनीने उघडलं. "आल्या काय ताई? सकाळपासून तुमचे भाऊ बोलून नाही राहिले. हूं नाही का चूं नाही. जेवन बी बसल्या जागी."

दादा सोफ्यावर बाबांच्या जागी बसला होता, पाय वर घेऊन, टीव्हीचा आवाज बंद करून. मी उंबऱ्याबाहेरच उभी होते. त्याने मान वळवली नाही.

"किती?" मी विचारलं.

"अठरा. बाल्कनीत जाय."

"दादा, मी वहीत पाह्यलं..."

"मंग सांग. जाय."

आणि मी गेले. पुरावा हातात घेऊन, नजर फरशीवर ठेवून, टीव्हीसमोरून भिंतीच्या कडेकडेने बाल्कनीत गेले आणि शेंगा सोलू लागले. आतून आवाज नाही. फोन कठड्यावर. एक शेंग सोलायची, फोनकडे पाहायचं. अर्धा तास गेला, तासाच्या वर गेला. वहिनी चहा घेऊन आली आणि दाण्यांनी भरलेल्या ताटाकडे पाहत उभी राहिली.

"शेंगा सोलाले अमरावतीहून आल्या काय?"

"दादाले सांगा न तुमी."

"मी काय सांगू? त्यायनं मले सकाळपासून स्वयंपाकघरातून निंगू नाही दिलं. मी बी पनवती आहे म्हने थोडीशी."

तेवढ्यात फोन वाजला. आमच्या दोघींचे हात जागच्या जागी थांबले. एक. दोन. बंद. पन्नास झाले होते. दादा दहा पावलांवर बसला होता आणि पडद्याआडून मला मिस कॉल देत होता. वहिनी तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही. आता पन्नासनंतर एकच तर मोठी रिंग उरली होती, शतकाची किंवा दुसरी. दोन्ही मी इथे शेंगा हातात धरूनच ऐकणार होते.

मी फोन कठड्यावरच ठेवला, वही घेतली आणि पडद्यापाशी जाऊन उभी राहिले.

"दादा, मी आत येऊन राहिली."

"नको येऊ."

"एक ओव्हर."

"बाई, हात जोडतो तुले. शंभर होऊ दे, मंग ये."

"अन् नाही झाले तं?"

 मी पडद्याच्या फटीतून वही आत सरकवली. "हे पाय. इतक्या खेपा गेला तो. कधी मी धुनं धूत होती, कधी बसमधी होती. एकदा बी टीव्हीपाशी नव्हती. सांग मले, तेव्हा कोनं केला आउट?"

त्याने वही घेतली की नाही मला दिसत नव्हतं. पानं उलटल्याचा आवाज आला. एक, दोन, मग बरीच. मग काहीच नाही. मग सोफ्याची स्प्रिंग करकरली, आणि मी ओळखलं की त्याने पाय खाली घेतले. तो खेळत असताना दादा त्या जागेवरून हलला, हे पहिल्यांदाच.

"ये," तो म्हणाला. "जाहिरात चालू आहे. लवकर बस. बाबाले काय सांगाचं ते मी पाहून घेईन."

मी बसले.

पडद्यावर तो होता. दाढी पांढरी झाली होती, हे क्षणचित्रांत मला नीट दिसलं नव्हतं. तो खेळपट्टीवर आला, बॅटने एक जागा थोपटली, डाव्या हातमोज्याचा पट्टा सोडून पुन्हा बांधला. हे सगळं क्षणचित्रांत कापलेलं असतं. दोन चेंडूंच्या मधला तो मला कोणी दाखवलाच नव्हता. गोलंदाज धावत आला आणि मी सोफ्याची कड धरली. त्याने चेंडू सोडून दिला. एवढंच. मला वाटलं मी दगावणार.

दुसरा त्याने पायाशी थांबवला. तिसऱ्यावर चुकला, पण काही झालं नाही. दादाने माझं मनगट धरलं होतं, बांगडी रुतत होती. चौथा चेंडू त्याने कव्हरमधून असा सरकवला की तो सीमेपर्यंत जाताना मी एकदाही श्वास घेतला नाही. जाईल की अडेल हे मला माहीत नव्हतं. गेला.

पाचवा चेंडू खाली राहिला. मधली दांडी उडाली.

खोलीत काही वाजलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. मी दादाकडे पाहू शकत नव्हते. लाल पेनाची चौथी ओळ माझ्या डोळ्यांसमोर लिहून तयार होती. पडद्यावर समोरच्या संघाचे खेळाडू धावत येऊन त्याच्याशी हात मिळवत होते, आणि तो हेल्मेट काढून मागे खेळपट्टीकडे पाहत होता, काही विसरल्यासारखा.

तेव्हा बाल्कनीत माझा फोन वाजू लागला.

एक. दोन. तीन. चार. मी वळून पाहिलं. दादाच्या दुसऱ्या हातात त्याचा फोन होता, अंगठा अजून पडद्यावर, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दादा, मी इथंच आहे न."

"मालूम आहे," तो म्हणाला. पण त्याने रिंग कापली नाही. म्हणाला, "बॉल खाली राह्यला वं. पाह्यलं न तू? खाली राह्यला. कोनीबी गेला असता. तुह्यानं नाही गेला."

बाहेर फोन वाजतच होता. वहिनी बाल्कनीकडे निघाली. म्हणाली, "शेंगा आत घेतो, पाखरं खाऊन राहिले."

"राहू दे त्या शेंगा," दादा म्हणाला आणि आणखी थोडा सरकला. "तू बी बस. जाऊन राहिला तो."