काचेतला गॉगल

तेव्हा आदिलाबादला फॅशन यायची हैदराबादहून, पण गाव तिला मानायचं आमच्या फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेत दिसल्यावर. तिथं ज्याचा फोटो लागला, तशीच पोज द्यायला पोरं रांग लावत. काचेतला फोटो दसऱ्यालाच बदलायचा, हा मालकाचा रिवाज. मी तिथं फोटो काढायचो.

माझी मावसबहीण मुधोळकडून शिक्षिकेच्या ट्रेनिंगला आली होती. त्यांच्या घरात एवढं शिकणारी ती पहिलीच. एका रविवारी मैत्रिणीची जीन्स आणि गॉगल घालून ती भर बाजारातून चालत आली. मला पाहून कमरेवर हात ठेवून थांबली.

"भाऊ, काढ एक. पण घरी सांगू नोको."

घरी सांगितलं नाही मी. काचेत लावला.

तिनं पाहिला आणि धावत आत आली. "काढ ना तो! बाबा कचेरीच्या कामाले येतेत इथं. माह्यं शिक्षण बंद होईन."

"दसऱ्याले काढतो. पोरी तुह्यीच पोज मागून राह्यल्या."

"मंग त्याईलेच लाव काचेत!"

खरं तर मालकाला मी विचारलंसुद्धा नाही. तो हो म्हणाला असता. पण येणारेजाणारे थांबत होते ते मी काढलेल्या फोटोपाशी. मला ते सोडवत नव्हतं.

दसऱ्याआधीच तिचे वडील आले. बराच वेळ काचेसमोर उभे राहिले. ओरडले नाहीत. "आपलीच हाय ना हे?" एवढंच विचारलं. त्याच संध्याकाळी तिची ट्रंक बसच्या टपावर चढली.

पुढं स्थळाला दाखवायच्या फोटोसाठी त्यांनी तिला माझ्याकडेच आणलं. घरचा माणूस म्हणून. साडी, डोक्यावर पदर. मी म्हणालो, "इकडं पाय." तिनं नजर उचलली नाही.

"राहू दे," वडील म्हणाले. "असाच चांगला येते."

त्याच फोटोवर लग्न जमलं.

तिच्या मुलीच्या साखरपुड्यात कोणीतरी मोबाइल समोर धरला, तर ती बाजूला सरली. "माह्या कायले? पोरीचा काढा." मी शेजारीच होतो. माफी मागायचं मनात येतं, पण त्यासाठी त्या गॉगलचा विषय पुन्हा काढावा लागेल. आणि मागितली तरी ती आता मास्तरीण थोडीच होणार आहे.