झुंबरबाईची पहिली मूठ

भाजे गावच्या लेण्यांकडं जाणाऱ्या पायऱ्या जिथं सुरू होतात, तिथं उजव्या हाताला झुंबरबाई बसते. तीस वर्षं झाली, जागा हलली नाही. उन्हाळ्यात करवंदं-जांभळं, पावसाळ्यात निखाऱ्यावरची कणसं, थंडीत बोरं, आवळे आणि मीठ-तिखट लावलेले पेरू. पायरीवरून उतरणाऱ्याच्या नुसत्या पायांकडं बघून ती सांगते, हे गिऱ्हाईक थांबणार का पुढं जाणार. दमलेलं पाऊल थांबतं, चिडलेलं पाऊल थांबत नाही, आणि नव्या बुटातलं पाऊल भाव विचारतं पण घेत नाही. सही करायला तिला अजून वेळ लागतो, पण गिऱ्हाईक वाचायला लागत नाही.

तिचा नवरा हौशीराम. तळेगावच्या कंपनीत एकतीस वर्षं काढली. पहाटे कंपनीची बस, तिसरी सीट, खिडकी. संध्याकाळी तीच बस, तीच सीट. माणूस इतका गरीब की बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तर हाच 'सॉरी' म्हणायचा. कंपनीतून सुटला तेव्हा हातात आलेल्या पैशातून त्यानं आधी घराची कौलं काढून स्लॅब टाकला, मुलीचं बाळंतपण केलं, आणि उरल्यासुरल्यात पहिला भरणा करून हप्त्यांवर एक पांढरी गाडी घेतली. उभ्या जन्मात स्वतःसाठी घेतलेली ती त्याची पहिली वस्तू. अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकला. चालवायचा अशी, की मळवली स्टेशनाच्या रस्त्यावर भाऱ्याची बैलगाडी त्याला मागं टाकून जायची आणि गाडीवान वळून हात करायचा.

आता अशा माणसाची गाडी किती पळणार? रविवारी स्टेशनापर्यंत जाऊन यायची आणि बाकी सहा दिवस अंगणात उभी. संध्याकाळी हौशीराम तिच्यात जाऊन बसायचा. कुठं जायचं नसायचं. काचा खाली करून, रेडिओ हळू लावून, नुसता बसायचा. झुंबरबाई चुलीपाशी भाकरी थापता थापता बघायची आणि मनाशी हसायची.

सून कोमल तळेगावला दातांच्या दवाखान्यात कामाला. शिकलेली, तोंडाची गोड, मोबाईलवर हात बसलेला. तीच म्हणाली, "आबा, आपली गाडी ॲपवर टाकू. लोक भाड्यानं नेतात, स्वतः चालवतात, परत आणून देतात. शनिवार-रविवारी लोणावळ्यात गाडीला मागणी असते." हौशीरामला आधी पटलं नाही. मग हप्ते आठवले आणि पटलं.

पण दोन महिने झाले, गाडीकडं कुणी फिरकलं नाही.

झुंबरबाईच्या धाकट्या बहिणीचा, अंबूचा, नवरा धोंडिबा बेगडेवाडीला राहतो. साडू लागला म्हणून काय झालं, त्याचा डोळा पहिल्या दिवसापासून त्या गाडीवर. यायचा, थेट गाडीत जाऊन बसायचा आणि म्हणायचा, आमच्या अंबूला हा रंग लय आवडतो. एका जेवणावळीत चार पाव्हण्यांसमोर त्यानं हौशीरामला गाठलं. उभ्या गाडीला गंज चढतो, भाऊ, मला द्या, हप्ते मी भरतो. आणि आमचा हौशीराम, जन्माचा 'सॉरी' म्हणणारा, बोलून गेला, की मार्गशीर्ष संपेस्तोवर भाड्यानं गेली तर ठीक, न्हाईतर तू ने. चारचौघांत दिलेला शब्द. मावळात असा शब्द कागदावर लिहावा लागत नाही.

झुंबरबाईला हे त्याच संध्याकाळी कळलं. रात्रभर तिला एकच दिसत राहिलं, की गाडी अंबूच्या अंगणात उभी आहे आणि हौशीराम पाव्हण्यासारखा मागच्या सीटवर अंग चोरून बसलाय. स्वतःच्याच गाडीत.

सकाळी तिनं कोमलला धरलं. ॲपवर काय लिहिलंय ते सगळं वाचून दाखव म्हणाली.

कोमलनं आधी फोटो दाखवला. गाडीला झेंडूचा हार, आणि बॉनेटवर हात ठेवून हौशीराम उभा, टोपी घालून, चेहरा असा की पोलिसांनी पकडून आणलाय. मालक दिसला पाहिजे असा त्याचा हट्ट होता. खाली सतरा नियम. चप्पल काढून बसावे. आत वडापाव खाऊ नये. काच पूर्ण खाली करू नये. पन्नासच्या वर पळवू नये. कुत्रे, मांजर व दारू पिणारा मित्र बसवू नये. सतराव्या नियमापर्यंत येता येता कोमलचंच हसू फुटलं.

"बोरं देताना मी गिऱ्हाईकाला सांगती का," झुंबरबाई म्हणाली, "बी कुटं थुंकायची ते? उद्या त्यांनी माझी बोरंच घेतली न्हाईत मग?"

"पण आई, नियम काढले तरी एक अडचण राहतेच," कोमल म्हणाली. "बाकीच्या गाड्यांखाली लोकांनी लिहिलेलं असतं, गाडी चांगली आहे, मालक चांगला आहे. आपल्या गाडीखाली काहीच नाही. पहिलं कुणालाच व्हायचं नसतं. भाडं कमी करून पाहिलं, अजून कमी करू का?"

हे ऐकलं आणि झुंबरबाईनं पदर खोचला. ही अडचण तिला चांगलीच माहीत होती.

लग्न होऊन आली त्या साली पहिल्यांदा पाटी घेऊन पायथ्याला बसली होती. करवंदांची शीग लावलेली पाटी, एक दाणा हललेला नाही. दिवसभर लोक बघायचे आणि पुढं सरकायचे. शेजारी वरच्या वाडीची सावित्राबाई बसायची, डोंगरातली बाई, काळी कुळकुळीत, हसली की सगळा कातळ हसल्यासारखा. दुपारी तिनं उठून, न विचारता, झुंबरबाईच्या पाटीतली मूठभर करवंदं उचलली आणि येणाऱ्या एका बाईच्या ओंजळीत टाकली. झुंबरबाईला राग आला. तर सावित्राबाई म्हणाली, अगं पोरी, भरली पाटी इकत न्हाई. लोकांला वाटतं, कुणीच घेतली न्हाईत, म्हंजे काहीतरी खोड असंल. पाटीला आधी खळगा पाडावा लागतो. ती बाई तिथंच उभी राहून खाऊ लागली, तिला बघून दुसरी थांबली, आणि दिवस मावळायच्या आत पाटीचा तळ दिसला.

"भाडं कमी न्हाई करायचं," झुंबरबाईनं कोमलला सांगितलं. "कमी भाव सांगितला की माल किडका वाटतो. उलट बाकीच्यांइतकंच लाव. आन् पहिली मूठ मी देती."

"म्हणजे फुकट?"

"व्हय. कमी भाव म्हंजे मालकालाच भरवसा न्हाई. फुकट मूठ म्हंजे लय भरवसा हाय."

कोमलनं खटपट करून बघितलं. पहिल्या फेरीला मालकाचा भाग सोडता येत होता, ॲपवाल्यांचं काय ते थोडं गिऱ्हाईकानं भरायचं. आणि नेणं-आणणं ॲपवरूनच व्हायला हवं, म्हणजे विम्याचंही बघायला नको, असं तिनं दोनदा बजावलं. हौशीरामला मात्र कुणी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो गाडीला कुलूप लावून किल्ली भाताच्या कणगीत टाकून बसला असता.

मार्गशीर्षाचा शेवटचा पंधरवडा. रविवार. झुंबरबाई पाटी घेऊन बसली, पण त्या दिवशी तिचं लक्ष बोरांवर नव्हतं. ती पावलं बघत होती. कुणाला मूठ द्यायची हेही कळावं लागतं. बारा वाजता टोळकं आलं, आरडाओरडा करणारं, ते सोडलं. मग एक जोडपं उतरलं आणि त्यांच्यामागं साठीची एक बाई, एकेका पायरीवर थांबत. नवरा पुढं जात नव्हता. सासू असावी, कारण पुढं निघून गेलेली बायको वळून 'आई, चल ना' म्हणत होती आणि हा मात्र दर पायरीला हात देत होता. झुंबरबाई मनात म्हणाली, सासूला हात देणारा जावई गाडीलाही नीट हात लावील.

तिनं तिघांना बसवलं, बोरं दिली, पाणी दिलं. नवऱ्याचं नाव प्रज्ञेश, बायको अमृता, पुण्याहून लोकलनं मळवलीला उतरून चालत आलेले. म्हातारीला पवनेचं पाणी बघायचं होतं. जवानीत शाळेची सहल घेऊन आल्या होत्या, तेव्हापासून मनात होतं. पण गुडघे संपले आणि रिक्षावाले तिकडं यायला तयार नव्हते.

"गाडी चालवता येती का तुमाला?" झुंबरबाईनं प्रज्ञेशला विचारलं.

येते म्हणाला. पुण्यात असल्याच ॲपवरून कधीमधी घेतो म्हणाला.

"मंग आमची न्या. आमाला पैसं नकोत, ॲपवाल्यांचं काय ते थोडं भरा. आल्यावर फकस्त खरं लिवा. बरं असंल ते बरं, वाईट असंल ते वाईट."

तो बायकोकडं वळला. अमृताला वाटलं काहीतरी फसवणूक आहे. म्हातारीनं मात्र बोराची बी बाजूला ठेवली आणि म्हणाली, चला.

घरी गेल्यावर जो प्रसंग झाला तो हौशीराम आठवून अजून डोळे मिटतो. फोनवर परवाना तपासला गेला, गाडीचे चारी बाजूंनी फोटो निघाले, किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली आणि गाडी फाटकातून अशी निघाली, अशी निघाली, की तिला दुसरा गिअरही आहे हे त्याला पहिल्यांदा कळलं. धूळ खाली बसेपर्यंत तो उभा होता. मग देवळामागच्या टेकाडावर जाऊन बसला, तिथून रस्ता दिसतो म्हणून. चार तास बसला. झुंबरबाईनं भाकरी वर नेऊन दिली, तर ती हातात तशीच.

साडेपाचला गाडी आली. धुळीनं माखलेली, मागच्या सीटवर बोरांच्या बिया, आणि पुढच्या सीटवर म्हातारी गाढ झोपलेली, हसऱ्या तोंडानं. हौशीराम टेकाडावरून धावत आला तो सरळ गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि मग पाव्हण्यांना या म्हणाला.

अमृतानं तिथंच ओट्यावर बसून लिहिलं. कोमलनं वाचून दाखवलं. गाडी उत्तम, थांबली नाही, चढाला दमली नाही. आईचं चाळीस वर्षांचं राहिलेलं झालं. उदबत्तीचा वास फार येतो, डोकं दुखलं. काका आम्हाला भेटायच्या आधी गाडीला भेटले, पण माणूस देवभोळा आणि सरळ आहे. काकूंची बोरं नक्की खा.

उदबत्तीचं पुसून टाका, असं हौशीराम म्हणू लागला. ती तर तो रोज सकाळी गाडीला ओवाळायचा.

"ऱ्हाऊ द्या," झुंबरबाई म्हणाली. "सगळीच बोरं गोड म्हणलं तर कुणी इस्वास ठेवतंय व्हय? एखादं आंबट निघाया पायजे."

अमृतानं एक फोटोही पाठवला. पवनेच्या पाण्याकाठी धुळकट गाडी, दार सताड उघडं, दारात पाय बाहेर सोडून बसलेली म्हातारी. कोमलनं हाराचा फोटो काढून तो लावला. सतरा नियमांचे दोन केले. बुधवारी दुपारी कोमलचा फोन वाजला. चिंचवडचं एक कुटुंब, शनिवारी सकाळी नेणार, रविवारी अकराला परत. पूर्ण भाडं. तिनं दवाखान्यातूनच घरी फोन करून सांगितलं. हौशीरामनं पाच मिनिटांत दोनदा विचारलं, की नक्की आपलीच गाडी ना.

त्या रविवारी मार्गशीर्ष संपत होता. सव्वाअकराच्या सुमाराला धोंडिबा फाटकातून आत आला. लोकलनं आलेला, नवं धोतर, एका हातात हार, एका हातात नारळ. अंगण रिकामं बघून तो जागेवरच थांबला.

"गाडी कुटं हाय, भाऊ?"

हौशीरामनं घसा खाकरला. चिंचवडच्या लोकांचा आत्ताच निरोप आला होता, पोरं पाण्यातून निघेनात, संध्याकाळपर्यंत ठेवू का, वाढीव भाडं देतो. ते सांगता सांगता त्याची मान खाली जाऊ लागली. धोंडिबानं ते बरोबर हेरलं. म्हणाला, एकदा गेली म्हंजे काय धंदा झाला न्हाई, भाऊ. एक फेरी कुणीबी करतं. शब्द शब्द असतो. संध्याकाळी आली की मी घेऊन जातो, अंबूला सांगून आलोय.

झुंबरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला बोलायचं होतं. तोंडाशी आलेलं तिनं गिळलं. पाटी विकणं तिचं काम, पण हे तिचं नव्हतं. ती नवऱ्याकडं बघत राहिली.

हौशीराम गाडी उभी असायची त्या रिकाम्या जागेवर जाऊन उभा राहिला.

"धोंडिबा," तो म्हणाला, "शब्द काय व्हता? भाड्यानं गेली तर ठीक. गेलीया. हितं दिसती का तुला?"

"तसं न्हवं, भाऊ, पर..."

"न्हाई देत. माजी हाय ती."

आवाज चढला नव्हता. पण एकतीस वर्षं तिसऱ्या सीटवर बसलेल्या माणसाच्या तोंडून 'माजी' हा शब्द झुंबरबाईनं पहिल्यांदा ऐकला. कोमलनं फोनमधून मान वर केली. धोंडिबानं हार या हातातून त्या हातात घेतला, परत या हातात घेतला. रागावून जावं तर लोकल दोन तासांनी.

मग झुंबरबाई पुढं झाली आणि तिनं त्याच्या हातातला नारळ काढून घेतला.

"आणलाच हाय तर वाया कशाला घालवायचा, पाव्हणं," ती म्हणाली. "कोंबडं कापलंय. वाटण कमी पडत व्हतं. बसा, जेवून जावा."

पाट्यावर नारळाचं वाटण चढलं. धोंडिबा ओट्यावर बसला, पहिल्यांदा गाल फुगवून, मग वास सुटला तसा जरा सैल होऊन. तिसऱ्या भाकरीला तो हौशीरामला विचारत होता, की चिंचवडवाल्यांनी पोरं पाण्यात सोडली म्हंजे सीटं वली व्हत्याल, त्याला काय करतोस, भाऊ? आणि हौशीराम रश्शात भाकरी चुरत, अगदी अनुभवी माणसासारखा सांगत होता, की त्याला गोणपाट अंथरायचं असतं.