दिवसाला दिवस

बँकेतून आणलं की ते लोन, दुकानातून आणलं की उधारी आणि शेजारून वाटीभर साखर आणली की ती उसनी. आमच्या सोनईकडे दिवससुद्धा उसना मिळतो, त्याला सावड म्हणतात. आज तुम्ही माझ्या रानात कांदा लावायला या, उद्या मी तुमच्या. मजुरीचं नाव काढायचं नाही, दिवसाला दिवस.

त्या हिवाळ्यात सहा बायका आमच्या रानात येऊन वाकल्या होत्या. आईचा गुडघा धरलेला, म्हणून सगळे दिवस मीच फेडत होते. शेजारच्या काकींचा तेवढा राहिला होता. त्यांनी शनिवार धरला आणि शुक्रवारी संध्याकाळी माझ्या मोबाईलवर मेसेज आला, उद्या अकराला नगरला नोकरीची मुलाखत.

मी अंगणात नाचलेच. दोन वर्षं अर्ज करून करून बोटं झिजली होती. तशीच उड्या मारत काकींकडे गेले नि म्हणाले, "काकी, उद्या मला नगरला जायचंय. माझ्याऐवजी रोजानं बाई लावते, तिचा रोज मी देते."

भाकरी थापणारा त्यांचा हात थांबला.

"म्हंजी मी तुमच्यात रोजानं आले हुते का? जा तू. पन पुढच्या साली मी तुमच्यात यायची न्हाई."

माझी जीभ ही अशी, डोक्याच्या पुढे धावते. एकीने सावड मोडली की बाकीच्याही मागे सरतात आणि मग आईचा कांदा लावणार कोण? मला माझाच राग आला, तरी मुलाखतीचा आनंद काही मावत नव्हता.

शनिवारी तांबडं फुटताच मी काकींच्या रानात हजर. थंडीने बोटं वळत नव्हती, पण रोपं चिखलात खोचत नुसती सुटले. साडेआठला काकींनीच माझ्या हातातली जुडी काढून घेतली.

"यष्टी चुकंल. अर्धा दिस झाला, अर्धा राहिला."

अडीच तासांचा अर्धा दिवस त्यांनीच केला, पण आवाज कोरडाच होता. नखांत माती घेऊन मी साहेबांपुढे बसले आणि धडाधड उत्तरं देत सुटले. संध्याकाळीच फोन आला, निवड झाली.

रविवारी सकाळी पेढे घेऊन मी पळतच काकींच्या रानात गेले. सगळी लागवड उरकलेली, फक्त बांधाकडचे दोन वाफे रिकामे होते. शेजारी ओल्या पोत्याखाली रोपं झाकून ठेवलेली. काकींनी पेढ्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"आदी तुझा अर्धा दिस फेड."

मी हसतच वाकले. दोन्ही वाफे लावून झाले तेव्हा काकींनी पेढा तोंडात टाकला.

"लागली का नोकरी?"

"लागली."

"रविवारची सुट्टी असंल न्हवं?"

"असेल की."

"मग पुढच्या साली तुमची लागवड रविवारी धरा, मी येते. माझी त्याच्या फुडल्या रविवारी."